नाणं वाजायचं थांबलं

सॅन अँटोनियोतल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये मी गणित शिकवते. 2022च्या डिसेंबरातला शनिवार. पर्समध्ये अल्जिब्रा दोनचा एक तपासलेला पेपर घेऊन मी एका विद्यार्थ्याच्या घरी तामालादाला पोचले. तामाले म्हणजे मक्याचं पीठ कणसाच्या सालात गुंडाळून वाफवलेला मेक्सिकन पदार्थ. नाताळाआधी ते करायला सगळं खानदान जमतं, ती तामालादा. त्याच्या आईचा मेसेज होता, "मिस, एप्रन आणा."

पोरगा सव्वाशे किलोचा, अमेरिकन फुटबॉलमध्ये डिफेन्सिव्ह लाइनवर. एका कॉलेजने स्कॉलरशिपची ऑफर दिलेली, पण तोंडी. करारावर सह्या बुधवारी, 21 तारखेला. तोंडी ऑफर फिरायला वेळ लागत नाही, हे टेक्सासात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यात एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांची संघटना, तिच्या वरच्या डिव्हिजनमध्ये पहिल्या वर्षापासून खेळायचं तर शाळेचे 16 ठरावीक विषय लागतात, त्यांत 3 वर्षं गणित. याचं तिसरं वर्ष माझ्या हातात.

पासाला 70 लागतात. हंगामात त्याने ते कसेबसे सांभाळले, कारण नापास झालं की मैदानाबाहेर, हा राज्याचा 1984 पासूनचा कायदा. नोव्हेंबरात हंगाम संपला आणि वहीही मिटली. सेमिस्टरचे झाले 66.

स्वयंपाकघरात मक्याच्या पिठात डुकराची चरबी फेसून तयार होती, कणसांची सालं कोमट पाण्यात भिजत होती. सालाच्या गुळगुळीत बाजूवर चमच्याच्या पाठीने पीठ पातळ पसरायचं. हळदीच्या पानावर पातोळ्या थापलेला माझा हात, त्याला काय शिकवायचं! आबुएलाने, म्हणजे आजीने, माझं पहिलं साल उलटसुलट पाहिलं आणि काहीच बोलली नाही. तिच्या सुनांनी भुवया उंचावल्या, म्हणजे पास. ऑफर देणाऱ्या कॉलेजचा असिस्टंट कोचही आला होता. त्याच्यावर पिठाचा भरवसा नव्हता. त्याला सालं फाडून बांधायच्या दोऱ्या करायला बसवलं होतं.

तामाले पातेल्यात उभे रचतात, उघडं तोंड वर. तळाच्या पाण्यात एक नाणं टाकतात. पाणी आहे तोवर ते खुळखुळतं.

पोराची नजर सारखी माझ्या पर्सकडे. शेवटी त्याला अंगणात नेलं आणि पेपर दिला. त्याने आकडा पाहिला, मग लाल शेरे.

"कोचना सांगणार?"

"तुझे मार्क मी सांगायचे नाहीत. तसा कायदाच आहे."

आत येऊन तो पुन्हा पीठ पसरू लागला. दोन सालं झाली. तिसऱ्यावर मान खाली घालूनच म्हणाला, "कोच, मी गणितात नापास झालोय."

कोचचे हात थांबले. मावश्या गप्प. आणि तेवढ्यात आबुएला किंचाळली, "आग्वा!" नाणं वाजायचं थांबलं होतं. दोघी उकळतं पाणी घेऊन धावल्या.

"मेपर्यंत काय होईल?" कोचने विचारलं, बघत माझ्याकडे. मी मुलाकडे बोट दाखवलं.

तो पिठाच्या बोटांनी टेबलावर आकडे मांडायला लागला. "दोन्ही सेमिस्टरची सरासरी धरतात. म्हणजे मला 74 लागतील." वर्षभरात त्याने न विचारता केलेलं हे पहिलं गणित. कोच पाच तामाले खाऊन गेला. हो नाही, नाही नाही.

बुधवारी शाळेला सुट्टी होती, तरी सह्यांसाठी जिम उघडलं. दोन मुलांनी कॉलेजच्या टोप्या घातल्या, आया रडल्या. हा मागच्या बाकावरून टाळ्या वाजवत होता. नंतर पार्किंगमध्ये त्याने मला गाठलं. हातात फॉइलमध्ये डझनभर तामाले आणि काखेत वही.

"मिस, ते लॉगरिदम पुन्हा एकदा सांगता?"