वेळ लिहिलीस का?

हीरकमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्या, असं शाळेचं पत्र आलं. पाकिटावरचं बोधचिन्ह पाहूनच जीव भरून आला. 'शाळेविषयीच्या आठवणी' असं पत्रात म्हटलंय. शाळा म्हटलं की मला बाईच आठवतात. बाकीच्या गुरुजनांनी क्षमा करावी. त्यांचं ऋण कमी नाही, पण लिहायला बसलो की मन बाईंकडेच ओढ घेतं.

बाईंचं नाव इथे लिहीत नाही. आपलं नाव छापून आलेलं त्यांना कधीच रुचलं नाही. रौप्यमहोत्सवात सत्काराची शाल घ्यायलाही त्या व्यासपीठावर आल्या नव्हत्या. भूगोल आणि शास्त्र, सुती साडी, हातात छत्री, एवढं सांगितलं तरी १९८१ साली दहावी झालेल्या आमच्या तुकडीला पुरे.

तेव्हा डोंबिवलीला नगरपालिका होती, महापालिका १९८३ साली झाली. आमची बैठी चाळ पाथर्लीच्या बाजूला. पावसाळ्यात मागच्या दारी भातखाचरं आणि पुढच्या दारी चिखल. आकाश स्वच्छ असलं की मलंगगड स्पष्ट दिसायचा, दुसरीकडे चोळ्याच्या पॉवर हाऊसच्या चिमण्या. वडील पहाटेच्या लोकलने जात आणि दिवे लागल्यावर परत येत. चाळीतल्या सगळ्याच बापांचं तसंच. त्यांना डोंबिवलीचं ऊन फक्त रविवारी दिसायचं. इतर दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाव आमचं असायचं, म्हणजे मुलांचं, आयांचं, आज्यांचं आणि शाळेतल्या बाई-सरांचं. आम्हाला वाढवलं ते या माणसांनी. वडिलांच्या कष्टांवर घर चालायचं, पण दुपारी गुडघा फुटला तर धावत येणारी माणसं ही होती.

मला सांगायचंय ते १६ फेब्रुवारी १९८० बद्दल. वार शनिवार. महाशिवरात्र नुकतीच झाली होती आणि त्या दुपारी सूर्यग्रहण होतं. कर्नाटकात कारवार-हुबळीकडे खग्रास, आपल्याकडे खंडग्रास. आठवडाभर घरोघर तीच चर्चा होती. माणसांनी घराबाहेर पडू नये म्हणून दूरदर्शनने दुपारी मुद्दाम चित्रपट ठेवला होता. आमच्या शेजारच्या वहिनींना दिवस गेलेले होते, त्यांच्या खोलीच्या खिडकीला आदल्या रात्रीच गोधडी लावली गेली. लोणच्याच्या बरणीवर तुळशीपत्र, पिण्याच्या पाण्यावर तुळशीपत्र.

बाईंनी शुक्रवारी वर्गात सांगितलं, "उद्या दोन वाजता ज्यांना यायचंय त्यांनी शाळेत या. घरी विचारून या." घरी विचारल्यावर काय होणार हे आम्हाला ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक असावं, कारण संध्याकाळी बाई स्वतः आमच्या चाळीत आल्या.

आजी पाट सरकवून म्हणाली, "बाई, तुम्ही शिकलेल्या. पण पोराच्या डोळ्यांना काही झालं तर?"

बाई पाटावर बसल्या. म्हणाल्या, "आजी, तुमची काळजी अगदी खरी आहे. सूर्याकडे बघितलं तर डोळे जातात. म्हणून मी मुलांना सूर्याकडे पाठ करून उभं करणार आहे. एकालाही वर बघू देणार नाही, माझा शब्द."

"आणि आल्यावर आंघोळ?"

"घाला की. त्यात काय वाईट आहे?"

आजी त्यावर गप्प झाली आणि चहा ठेवायला उठली. मी ते सगळं दारामागून ऐकलं. बाईंनी आजीला अडाणी ठरवलं नाही, वाद घातला नाही, आणि मला मात्र घराबाहेर काढलं. पुढच्या आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं भेटली, पण दुसऱ्याच्या घरात शिरून असं बोलता येणारी फार थोडी.

आमच्या वर्गात ४८ मुलं. आलो आम्ही ११. रस्त्यावर कुत्रं नव्हतं, फडके रोडची दुकानं बंद. अशा दुपारी शाळेच्या फाटकातून आत शिरताना छाती धडधडत होती.

मागच्या वर्गाच्या खिडक्या बाईंनी काळ्या कागदाने बंद केल्या होत्या. दार तेवढं उघडं. अंगणात एका स्टुलावर दाढीचा आरसा ठेवला होता. त्यावर काळा कागद चिकटवून मध्ये वाटाण्याएवढं भोक ठेवलेलं. त्या भोकातून उन्हाचा कवडसा आत समोरच्या भिंतीवर पडला, आणि भोकाचा आकार सोडून तिथे चक्क सूर्याचं बिंब उमटलं. बशीएवढं, गोल. अंतर जितकं जास्त तितकं बिंब मोठं, म्हणून बाईंनी सगळ्यात लांबची भिंत निवडली होती.

आरसा धरायचं काम मला मिळालं. सूर्य सरकतो तसं बिंबही सरकतं. दोन मिनिटांत ते आपल्या स्वतःच्या रुंदीएवढं पुढे जायचं. मी बोटाच्या टोकाने आरसा किंचित कलता करायचा आणि ते परत जागेवर आणायचं. पाठ सूर्याकडे, नजर दाराच्या आत. दर दहा मिनिटांनी भिंतीवरच्या कागदावर एकाने पेन्सिलीने आकार गिरवायचा आणि बाजूला वेळ लिहायची.

अडीचच्या सुमारास गोलाला एका कडेने चावा घेतल्यासारखं दिसलं. मुलं ओरडली. बाईंचा आवाज आला, "वेळ लिहिलीस का?"

पुढचा सव्वा-दीड तास तो चावा मोठा होत गेला. मध्येच बाईंनी आरसा दुसऱ्याकडे दिला आणि मला हाताला धरून आंब्याखाली नेलं. "खाली बघ." आंब्याच्या सावलीत एरवी उन्हाचे गोल ठिपके पडलेले असतात. त्या दिवशी सबंध अंगणभर चंद्रकोरी पडल्या होत्या. शेकडो, एकावर एक, सगळ्या एकाच दिशेला तोंड केलेल्या. वारा आला की थरथरायच्या. माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर, बाईंच्या पदरावरही कोरी होत्या. पानांमधली प्रत्येक फट आपल्या आरशावरच्या भोकासारखंच काम करते, एवढंच त्या म्हणाल्या. ऊन फिकट झालं होतं, राखाडी, आणि फाटकाबाहेरचा रस्ता तसाच ओस होता. ते अंगण आम्ही १२ जणांनी पाहिलं.

सुटल्यावर घरी जाताना 'दे दान सुटे गिराण' ची हाक चाळीपर्यंत आली होती. आजीने गार पाण्याने आंघोळ घातली आणि पंचाने डोकं पुसता पुसता हळूच विचारलं, "काय काय दिसलं रे?" मी सांगत होतो आणि ती ऐकत होती.

मी पुढे डिप्लोमा करून रेल्वेत सिग्नल खात्यात लागलो आणि गेल्या वर्षी सीनियर सेक्शन इंजिनिअर म्हणून निवृत्त झालो. आमच्या कामात फॉल्ट आला की आधी वेळ लिहायची, मग हत्याराला हात लावायचा. २६ जुलै २००५ ला रिले रूममध्ये पाणी शिरलं. दिवे गेलेले, बाहेर गाड्या जागच्या जागी उभ्या. मी टॉर्चच्या उजेडात दर दहा मिनिटांनी भिंतीवर खडूने पाण्याची रेघ मारत होतो आणि शेजारी वेळ टाकत होतो. बरोबरच्या पोराने विचारलं, साहेब, हे कशाला? त्याला त्या रात्री सांगता आलं नाही. आता इथे सांगतो.

ऑक्टोबर १९९५ चं खग्रास पाहायला रजा टाकून फत्तेपूर सिक्रीला गेलो. डिसेंबर २०१९ ला सोसायटीच्या गच्चीवर २० मुलं जमवून तोच आरशाचा खेळ मांडला.

एकदा पाडव्याला बाई भेटल्या. डोंबिवलीत १९९९ पासून स्वागतयात्रा निघू लागली, त्यातल्याच एका पाडव्याला, फडके रोडवरच्या गर्दीत. त्यांनी मला ओळखलं. "आरसावाला!" म्हणाल्या. निवांत घरी ये म्हणाल्या. येतो म्हणालो आणि ड्युट्या, बदल्या, मुलीचं शिक्षण यांत गेलो नाही. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्याचं मला महिन्याभराने कळलं. पाथर्लीची खाचरं गेली, चाळ गेली, नव्या इमारतीला जागा हवी म्हणून आंबाही गेला. शाळा वाढली पाहिजे हे मला मान्य आहे, तरी त्या अंगणात उभं राहिलं की मी अजून खाली बघतो.

तो गिरवलेला कागद बाईंनी दहावीनंतर मला दिला होता. त्यावर १४ आकार आहेत. ११ व्या आकाराशेजारी वेळ लिहायची राहिली, तिथे बाईंनी लाल शाईने प्रश्नचिन्ह केलंय. या लेखासोबत तो शाळेकडे पाठवत आहे. प्रयोगशाळेत जागा असेल तर लावावा. कागद पिवळा पडलाय, पेन्सिल पुसट होत चाललीय, तेव्हा ऊन लागणार नाही अशी भिंत पाहावी.

(माजी विद्यार्थी, शालान्त परीक्षा १९८१)