लिव्हर नेमके कोणाचे? बंड्याच्या खाऊचा माझा अनुभव

कुत्र्यासाठी घरी बिस्किटे भाजणे अवघड नाही. ज्याला शंकरपाळ्यांचे पीठ लाटता येते त्याला ते पहिल्याच रविवारी जमेल. अवघड आहे ते त्यात काय घालायचे नाही हे ठरवणे, आणि आमच्या घरी ते ठरायला पाच महिने लागले. त्यातले 37 दिवस जंताच्या तीन गोळ्यांनी खाल्ले. त्या गोळ्यांबद्दल या लेखात वाजवीपेक्षा जास्त मजकूर येणार आहे याची मला कल्पना आहे. पण राग अजून उतरलेला नाही.

बंड्या हा आमचा चार वर्षांचा, 28 किलोचा लॅब्रॅडॉर. बारा महिने पंजे चाटणे, कान वारंवार सुजणे आणि पोटाखालची कातडी लाल होणे हे त्याचे दुखणे. गोचीड, पिसवा आणि खरूज तपासून बाजूला काढल्यावर डॉक्टरांनी अन्नावर संशय घेतला. मी त्याआधीच पैसे भरून रक्ताची ॲलर्जी तपासणी करून घेतली होती. तिचा अहवाल डॉक्टरांनी घडी घालून मला परत दिला, कारण अन्नाच्या ॲलर्जीसाठी या रक्ततपासण्या भरवशाच्या नसतात. खात्रीचा मार्ग एकच असतो: कुत्र्याने आजवर कधी न खाल्लेले एक प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ निवडायचा, किमान आठ आठवडे त्याखेरीज तोंडात काहीही जाऊ द्यायचे नाही, आणि खाज थांबली की जुने पदार्थ एकेक करून परत देऊन पाहायचे. अन्नाची ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे 80 टक्क्यांना पाच आठवड्यांत फरक पडतो आणि आठ आठवड्यांत हे प्रमाण 90 टक्क्यांच्या वर जाते, म्हणून आठ आठवडे.

संशयित कोण असतात हेही मी वाचून ठेवले होते. 2016 साली अशाच 297 कुत्र्यांच्या नोंदी एकत्र करून काढलेल्या आढाव्यात गोमांस 34 टक्के, दुग्धजन्य पदार्थ 17, चिकन 15 आणि गहू 13 टक्के कुत्र्यांना बाधले होते. बंड्याचे रोजचे ताट म्हणजे उकडलेले चिकन, पोळी आणि वर दही. चौघांपैकी तिघे आमच्याच घरात नांदत होते.

बंड्याचे चिकन सोडले तर आमचे घर शाकाहारी असल्यामुळे मासा बंड्याने कधी पाहिलाच नव्हता, आणि तेच सोयीचे ठरले. बिनकाट्याचा बासा आणि रताळे ही जोडी ठरली. मासा गॅलरीत, वेगळ्या शेगडीवर आणि वेगळ्या पातेल्यात शिजेल, एवढी एकच अट सासूबाईंनी घातली. खाऊही याच दोन जिनसांचा हवा होता, म्हणून रताळ्याच्या साधारण अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या ओव्हनमध्ये 110 अंशांवर अडीच-तीन तास, मध्ये एकदा उलटून, चिवट होईपर्यंत वाळवल्या. हा भाग इतका सुरळीत पार पडला की त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. चौथ्या आठवड्यात बंड्या रात्रभर शांत झोपू लागला.

पस्तिसाव्या दिवशी संध्याकाळी मला पंजा चाटल्याचा तो ओळखीचा, ओला आवाज परत ऐकू आला. सदतिसाव्या दिवशी कानही लाल झाले.

माझा पहिला संशय पोळ्या करायला येणाऱ्या मावशींवर गेला. पहिली पोळी गाईची आणि शेवटची कुत्र्याची, ही रीत त्यांच्या हातात मुरलेली. मी बजावले असले तरी सवयीने एखादी पोळी गेली असेल असे मला वाटले. मी विचारले, आणि विचारताना माझा आवाज चढला. मावशींनी फक्त एवढेच म्हटले, “ताई, दीड महिना झाला, शेवटची पोळी मी खाली सोसायटीच्या कुत्रीला घालते. बंड्याला नाही दिली.” त्यानंतर दोन दिवस त्या माझ्याशी कामापुरत्याही बोलल्या नाहीत. मग मी वॉचमनना विचारले, समोरच्या आजोबांना विचारले, शेजारच्या लहान मुलीचे खिसे बिस्किटाच्या चुऱ्यासाठी तपासायचे तेवढे बाकी ठेवले. शेवटी कॅलेंडर पाहिले तेव्हा चौतिसाव्या दिवसावर माझ्याच अक्षरात ‘जंत’ असे लिहिलेले आढळले. दर तीन महिन्यांनी द्यायच्या त्या गोळ्या. दहा किलोला एक या हिशेबाने मी घरातल्या जुन्या पाकिटातून तीन दिल्या होत्या आणि बंड्याने त्या पेढ्यासारख्या मिटक्या मारत खाल्ल्या होत्या. जंताची गोळी कुत्रा मिटक्या मारत खातो तेव्हा तिच्यात काहीतरी असणारच, हे मला त्याच वेळी कळायला हवे होते. पाकिटावर लिहिले होते, ‘लिव्हर फ्लेवर’.

डॉक्टरांनी फोनवर शांतपणे सांगितले की मोजणी शून्यापासून सुरू करा. चवीची गोळी, चवीची टूथपेस्ट, हाड, कॅप्सूलचे आवरण, सगळेच या काळात बंद असते आणि कोणतेही औषध विचारल्याशिवाय द्यायचे नसते, हे पहिल्या दिवशीच सांगितले होते याची त्यांनी आठवणही करून दिली. ते खरे होते. पण मला एक गोष्ट जाणून घ्यायचीच होती: लिव्हर नेमके कोणाचे? कोंबडीचे असेल तर निम्मे कोडे सुटले, डुकराचे असेल तर शोध दुसरीकडे वळवावा लागेल, आणि निव्वळ कृत्रिम स्वाद असेल तर मावशींकडे परत एकदा संशयाने पाहण्याचे पाप मला करावे लागेल.

पाकिटावरच्या ग्राहक सेवा क्रमांकावर अकरा मिनिटे सनई ऐकल्यावर एका मुलाने फोन घेतला. मी विचारले. तो म्हणाला, “मॅडम, फ्लेवर आहे, लिव्हरचा.” मी म्हटले, “हो, पण कोणाच्या लिव्हरचा?” थोडा वेळ शांतता पसरली, आणि मग त्याने मला संकेतस्थळावरचा अर्ज भरायला सांगितले. त्या अर्जात ‘समस्येचा प्रकार’ निवडणे सक्तीचे होते आणि पर्याय तीनच होते: माल खराब निघाला, माल पोहोचला नाही, जनावरावर दुष्परिणाम झाला. निव्वळ प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. मी दुष्परिणाम निवडला, तर पुढे बॅच क्रमांक सक्तीचा निघाला. तो पाकिटाच्या ज्या कोपऱ्यावर छापलेला होता तो कोपरा मी तिसरी गोळी काढताना फाडून टाकला होता. दुकानदाराकडे जाऊन त्याच मालाचे दुसरे पाकीट उलटेपालटे करून पाहिले आणि त्यावरचा क्रमांक घातला. हे प्रामाणिकपणाचे नव्हते, पण माझ्यापुढे दुसरा मार्गही नव्हता. मग छायाचित्र दोन एमबीपेक्षा लहान हवे होते. ते लहान केले. अर्ज गेला, तक्रार क्रमांक आला, 48 तासांत उत्तर मिळेल असा संदेशही आला.

48 तासांनी जो संदेश आला त्यात माझी तक्रार ‘निवारण झाल्यामुळे’ बंद करण्यात आल्याचे कळवले होते. मी पुन्हा फोन केला, पुन्हा सनई ऐकली, आणि जुनी तक्रार उघडता येत नसल्यामुळे पुन्हा तोच अर्ज भरला. या वेळी एका बाईंचा फोन आला. त्यांनी बंड्याचे वजन, वय, लस आणि शौचाची अवस्था असे सगळे सविस्तर लिहून घेतले आणि गोळी सुरक्षित असल्याची ग्वाही दिली. गोळी सुरक्षित आहे याबद्दल मला शंका नव्हतीच. स्वादाचा तपशील हे व्यावसायिक गुपित असल्याचे तिसऱ्या पत्रात कळले. मी सूत्र मागत नसून केवळ प्राण्याचे नाव मागत आहे, असे मी उलट लिहिले. पहिल्या फोनपासून एकोणिसाव्या दिवशी एका ओळीचे उत्तर आले, की स्वादासाठी कोंबडीच्या यकृताची भुकटी वापरली जाते. तोपर्यंत नव्या मोजणीचे सतरा दिवस होऊन गेले होते, म्हणजे त्या उत्तराचा बंड्याला काडीचाही उपयोग नव्हता. मावशींची माफी मात्र मी त्याच दिवशी मागितली.

दुसऱ्या खेपेला छप्पन्न दिवस अखंड पार पडले. मग चिकन दिले आणि तिसऱ्या दिवशी खाज आली. ती पूर्ण शमू दिली आणि पोळी दिली. नवव्या दिवशी परत. म्हणून दर पदार्थाला दोन आठवडे द्यावेत, चार दिवसांत निकाल लावू नये. अंडे आणि दही त्याला सोसले.

गहू गेल्यावर आम्ही नाचणीकडे वळलो आणि पुन्हा अडलो, पण या वेळी गिरणीत. गव्हाच्या दळणावरच नाचणी टाकली तर पहिल्या ओंजळीत गहूच येतो. ॲलर्जी म्हणून सांगितल्यावर गिरणीवाल्या काकांनी नुसती मान हलवली, म्हणून पुढच्या वेळी मी उपासाचे आहे म्हणून सांगितले. त्यांनी डबा उघडून पाहिला आणि विचारले, “नाचणी कधीपासून चालायला लागली उपासाला?” तेव्हापासून मी वरई नेते. एकादशीच्या आदल्या दिवशी ते जाते झाडून उपासाची दळणे घेतात, त्यांतच आमचे अर्धा किलो निघते. पोळपाट-लाटणेही वेगळे ठेवावे लागते, कारण लाकडाच्या शिरांमध्ये कणीक बसलेली असते.

वरईचे पीठ नुसते भिजवले तर लाटताना तुकडे पडतात. मोदकासारखी उकड काढावी. पाव किलो बासा उकडून त्याचेच एक वाटी पाणी उकळत ठेवावे, त्यात दीड वाटी पीठ घालून झाकण ठेवावे, आणि कोमट असतानाच कुस्करलेला मासा व एक मध्यम उकडलेले रताळे घालून मळावे. पीठ सैल वाटल्यास वरून थोडे लावावे. मीठ, गूळ, तूप काही नाही. 160 अंशांवर अर्धा तास आणि मग 100 अंशांवर तासभर भाजून ओव्हनमध्येच गार होऊ द्यावे. मासा असल्यामुळे हा खाऊ बरणीत बाहेर ठेवायचा नाही; चार-पाच दिवसांचा फ्रिजमध्ये आणि बाकीचा फ्रीझरमध्ये. पावसाळ्यात मी ही चूक केली आणि तिसऱ्या दिवशी बुरशी आली.

आधी सांगायचे राहिले: हाताच्या सवयीने जायफळ घालू नका. मनुका, कांदा, लसूण, चॉकलेट आणि झायलिटॉल असलेले शुगरफ्री पदार्थ कुत्र्याला विषारी असतात. तुकडे नखाएवढे कापा, कारण खाऊ दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ नये. बंड्याला दिवसाला 1100 कॅलरी सांगितल्या आहेत, तेव्हा खाऊच्या वाट्याला 110 येतात. रोजचे संपूर्ण जेवण घरचेच द्यायचे असेल तर ते मात्र डॉक्टरांकडून आखून घ्यावे, नुसत्या मासा-रताळ्यावर कुत्रा वर्षभर निभावत नाही.

जंताची गोळी आता बिनचवीची आणतो. ती कडू असते आणि बंड्या ती हमखास थुंकून टाकतो. म्हणून बिस्किटांच्या मळलेल्या गोळ्यातले तीन लाडू न भाजता बाजूला ठेवते. पहिला रिकामा देते, दुसऱ्यात गोळ्या दाबते, आणि दुसरा चावण्याआधीच तिसरा त्याच्या नाकापुढे धरते.