भिगवणच्या नावेत झेड ९

मित्राकडून मागून आणलेला निकॉन झेड ९ घेऊन आज पहाटेपासून भिगवणजवळ उजनीच्या जलाशयात रोहित पक्ष्यांमागे नावेतून फिरलो. बॅटरी आणि कार्डासह सुमारे १,३४० ग्रॅम भरणारा हा कॅमेरा उचलताच जड वाटतो. पण खोल पकड आणि उभ्या चौकटीसाठी खाली दिलेले दुसरे शटर बटण यांमुळे लांब लेन्सचा तोल इतका नेमका साधतो की, तासाभरात वजनाचा विसर पडला (मनगटाला मात्र आत्ता ते आठवते आहे). यांत्रिक शटरच नसल्याने आवाज पूर्ण बंद ठेवता आला. कॅमेरा उभा धरला तरी मागचा स्क्रीन वर वळत असल्यामुळे, नावेत पालथे न पडताही पाण्यालगतची चित्रे टिपता आली. पायी भटकंतीसाठी मात्र मी ९१० ग्रॅमचा झेड ८च निवडेन.