आमची वाटचाल : मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटची काच इंटरनेटवर

प्रयोगशाळेच्या काचसामानाला तीन आकडे चिकटलेले असतात: क्षमता, त्यातली मान्य चूक आणि जोडाचा, म्हणजे एक भांडं दुसऱ्यात बसवायच्या घासलेल्या काचेच्या तोंडाचा, आकार. दुकानात गिऱ्हाईक वस्तू हातात घेऊन बघतं, म्हणून हे आकडे कुणी लिहून ठेवत नाही. आम्ही हा माल इंटरनेटवर विकतो, आणि तिथे आकडे लिहिले नाहीत की माल परत येतो. आमचे संस्थापक रसायनशास्त्राचे एम.एस्सी.; प्रोग्रॅमिंग ते नंतर, गरजेपुरतं शिकले. धंद्यात त्यांचं शिक्षण कामी आलं ते मुख्यतः या तीन आकड्यांपाशी.

व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं 15 ऑगस्ट 1995 रोजी. 9.6 केबीपीएसच्या मोडेमवर 100 केबीचा फोटो उतरायला दीड मिनिट जायचं, तेही मध्येच लाइन तुटली नाही तर. म्हणून आमच्या पहिल्या कॅटलॉगमध्ये फोटो ठेवलेच नाहीत. दोन रंगांची जीआयएफ रेषाचित्रं, प्रत्येकी चार-पाच केबीची, आणि त्यावर उंची, बाहेरचा व्यास, जोड, सगळं मिलिमीटरमध्ये. आज वेगाचा प्रश्न उरला नाही, तरी पहिलं चित्र रेषांचंच असतं. पांढऱ्यावर काढलेल्या फोटोत काचेच्या कडा हरवतात आणि 250 मिलीचा चंबू 500 च्या चंबूसारखाच दिसतो. फोटो काढायचाच तर उजेड मागून द्यावा आणि चौकटीच्या बाहेर दोन्ही बाजूंना काळा पुठ्ठा उभा करावा. कडांवर काळी रेघ उमटते.

सगळ्यात जास्त घोळ जोडांचा. जोडावर 24/29 असा आकार लिहिलेला असतो. त्यातला 24 हा घासलेल्या भागाच्या रुंद टोकाचा व्यास आणि 29 ही लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. अमेरिकन मालावर 24/40 असतं. निमुळतेपणा दोन्हींचा 1:10, त्यामुळे ते एकमेकांत बसतात. लांब जोडाचं टोक आत थोडं पुढे येतं, एवढंच. 19/26 मात्र 24/29 मध्ये बसणार नाही. फोनवर ‘मोठा जॉइंट’ एवढंच सांगितलं तर आम्ही ऑर्डर घेत नाही. पट्टी ठेवून तोंडाचा आतला व्यास मोजायला सांगतो.

दुसरा घोळ नावांचा. कोनिकल फ्लास्क, इर्लेनमेयर आणि शंकूपात्र ही एकाच वस्तूची तीन नावं. मराठी माध्यमाच्या शाळेची यादी चंचुपात्र, परीक्षानळी, मोजपात्र अशी येते, तर फार्मा कंपनीची नुसत्या कोड नंबरांची. सर्चमागे म्हणून समानार्थी शब्दांचा तक्ता ठेवावा लागतो. युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखीच दिसणारी अक्षरपद्धत) रुळण्याआधी शाळांच्या ईमेल जुन्या फॉन्टमध्ये येत आणि आमच्याकडे नुसती चिन्हं दिसत. तेव्हा यादी फॅक्सवर मागवायची, दुसरा इलाज नव्हता.

अचूकतेवरून तक्रार आली की हिशेब करून उत्तर द्यावं. काचसामानाचे अचूकतेनुसार दोन वर्ग असतात, ए जास्त अचूक आणि बी कमी. 50 मिलीच्या ब्युरेटला (खाली तोटी असलेली लांब मापनळी) वर्ग ए मध्ये ±0.05 मिली चूक मान्य आहे. वर्ग बी मध्ये दुप्पट. शाळेला बी पुरतं. तिला ए विकणं हा नफा असेल, सल्ला नव्हे. नेहमीचा प्रश्न: परदेशी चंबूवर 20 अंश आणि आपल्याकडच्या चंबूवर 27 अंश का छापलेलं असतं? ज्या तापमानाला माप खरं, ते तापमान. बोरोसिलिकेट काच इतकी कमी प्रसरण पावते की सात अंशांच्या फरकाने 1 लिटरच्या चंबूची क्षमता साधारण 0.07 मिलीने बदलते. वर्ग ए ची मान्य चूक 0.4 मिली आहे. पाण्याचं प्रसरण त्याच्या कितीतरी पट जास्त, आणि चूक येते ती बहुधा तिथून. हे उत्तर तयार ठेवल्यामुळे बरेच परतावे फोनवरच थांबतात.

पॅकिंगवर आमचा सर्वाधिक वेळ गेला. कुरियर खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जास्त धरतं: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक जण 5000 ने भागतात. ब्युरेटचा खोका 85 × 10 × 10. म्हणजे 1.7 किलो, अर्ध्या किलोच्या टप्प्यात 2 किलो, आणि ब्युरेट स्वतः अर्धा किलोही भरत नाही. त्यामुळे एकाच लांब खोक्यात सहा ब्युरेट घालून पाठवणं परवडतं. एकटी ब्युरेट परवडत नाही. टेफ्लॉनच्या तोटीची आवळायची चकती पाठवताना सैल करावी. घट्ट ठेवली तर टेफ्लॉन हळूहळू दबून आकार सोडतं आणि तोटी गळते. काचेची तोटी असेल तर तिच्या आणि नळीच्या मध्ये कागदाची पट्टी, आणि दोन ब्युरेटच्या तोट्या कधीही अदलाबदल करू नयेत. एकमेकींत घासून बसवलेल्या असतील तर दुसरीत नीट बसत नाहीत. नव्या खोक्याची चाचणी सोपी: 76 सेंटिमीटरवरून एका कोपऱ्यावर, तीन कडांवर, सहा बाजूंवर टाकायचा. दहापैकी एकदा काच वाजली की आतलं पॅडिंग बदलायचं. पावसाळ्यात मुंबईची हवा पुठ्ठा मऊ करते, म्हणून जून ते सप्टेंबर तीनऐवजी पाच पदरी खोके वापरतो आणि माल जमिनीपासून दीड फूट वर ठेवतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस झाला होता. काचेला पाण्याने काही होत नाही, पण कॅलिब्रेशनची (माप तपासल्याची) प्रमाणपत्रं आणि बॅच नंबरची लेबलं गेली की वर्ग ए चा माल वर्ग ए म्हणून विकता येत नाही.

कर आणि पैसे यांबद्दल थोडक्यात. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि शहरात येणाऱ्या मालावरची मुंबईची जकात गेली, त्यामुळे गोदाम शहराबाहेर भिवंडीत नेता आलं. प्रयोगशाळेच्या काचसामानाचा एचएसएन, म्हणजे करासाठीचा वर्गीकरण क्रमांक, 7017. कॉलेजं मार्चअखेरीला अनुदान संपवायला घाई करतात, पण पैसे द्यायला दोन-तीन महिने लावतात. वर्षभराची रोकड सांभाळते ती यूपीआयने लगेच पैसे देणारी छोटी गिऱ्हाइकं, साबण आणि अत्तर घरी बनवणारी. (मोठ्या ऑर्डरवर खूश होणाऱ्या नव्या दुकानदारांनी हे वाक्य दोनदा वाचावं.)

रसायनं विकत नाही. ॲसिडच्या किरकोळ विक्रीला 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ओळखपत्र आणि नोंदवही लागते, आणि ते कुरियरने साध्या पार्सलसारखं जातही नाही. पाऱ्याचा थर्मामीटरही विमानाने साध्या पार्सलात पाठवता येत नाही. फुटला तर पारा विमानाचं ॲल्युमिनियम खातो. त्याची विचारणा आली की –10 ते 110 अंशांचा स्पिरिटचा सुचवतो, त्याने भागत नसेल तर डिजिटल.