त्रेचाळिसावी स्ट्रीट की त्रेचाळिसावा अ‍ॅव्हेन्यू?

मी अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात, फिनिक्समध्ये पेशंटच्या घरी जाऊन फिजिओथेरपी देते. बहुतेक एकटी राहणारी म्हातारी माणसं. १९ जुलै २०२३ ला सकाळी निघाले, तर रात्रभरात पारा ३६ सेल्सिअसच्या खाली उतरलाच नव्हता. दुपारी तो ४८ ला गेला.

पहिल्या आजी नवीन होत्या. मिळालेल्या कागदावर 'त्रेचाळिसावी स्ट्रीट' होतं. दार उघडलं भलत्याच माणसांनी. फोन केला तर आजी म्हणाल्या, "स्ट्रीट नाही गं, अ‍ॅव्हेन्यू." इथे सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूच्या पूर्वेला आकड्यांच्या स्ट्रीट आणि पश्चिमेला आकड्यांचे अ‍ॅव्हेन्यू. एका शब्दाची चूक, आणि मध्ये पंधराएक किलोमीटर शहर!

त्यांचं बोलणं ओढल्यासारखं येत होतं. एसी रात्रीच बंद पडला होता. शेजारी कोण, विचारलं. त्यांना नाव माहीत नव्हतं. मी तेव्हाच ९११, म्हणजे इथला तातडीच्या मदतीचा नंबर, लावायला हवा होता. तो अर्ध्या वाटेत लावला, याची चुटपुट अजून आहे.

मी नागपूरची, उन्हाला घाबरत नाही. पण आमच्या वाड्यात नऊपर्यंत कुणाचं दार उघडलं नाही, तर चार जण येऊन कडी वाजवायचे. नागपूर महापालिकेची हद्द सव्वादोनशे चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि २०११ च्या जनगणनेत माणसं २४ लाख. फिनिक्स जवळपास १,३४० चौरस किलोमीटर, आणि २०२० मध्ये माणसं १६,०८,१३९. १९५० साली हेच शहर ४४ चौरस किलोमीटरचं होतं, वस्ती लाखभर. सत्तर वर्षांत माणसं पंधरा पट झाली, जमीन तीस पट. त्या सकाळी ही सगळी जमीन मला आडवी आली. सिग्नल, पार्किंग, मोकळे प्लॉट, पुन्हा सिग्नल. फुटपाथवर चिटपाखरू नाही.

मी पोहोचले तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्स यायची होती. दार नुसतं लोटलेलं. थर्मोस्टॅटवर १०१ फॅरनहाइट, म्हणजे घरात ३८ सेल्सिअस. खिडकीतली मेणबत्ती कमरेत वाकून फळीला टेकली होती. आजी खुर्चीत, अंग तापलेलं आणि कोरडं, घामाचा टिपूस नाही. टॉवेल भिजवून मानेला, काखेत लावले. त्या मला दुसऱ्याच कुणाच्या नावाने हाक मारत होत्या.

आजी वाचल्या. त्या वर्षी मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे फिनिक्स ज्या जिल्ह्यात येतं तिथे, उष्णतेने ६४५ माणसं गेली, त्यांतली कित्येक स्वतःच्या घरात.

अ‍ॅम्ब्युलन्स गेल्यावर मी समोरचं दार वाजवलं. तीस पावलांवरचं घर. तिथले गृहस्थ कळवळले. म्हणाले, "गाडी दिसायची, म्हणजे कोणीतरी राहतं एवढं कळायचं. कोण, ते नाही."

त्यांचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून घेतला. आजी घरी परतल्या, त्या दिवशी तो त्यांच्या फ्रिजवर लावला.