सालीसकट

“जड असतं ते बुडतं, हलकं असतं ते तरंगतं.” नाताळच्या सुट्टीत राहायला आलेल्या पाच वर्षांच्या भाचीला मी हे अगदी ठणकावून सांगितलं. परळची चाळ, सकाळचं पाणी येऊन गेलेलं, पिंप भरलेलं, मोरीत काठोकाठ बादली. आणखी काय हवं?

तिने आधी रुपयाचं नाणं सोडलं. गेलं तळाला. मी विजयी मुद्रेने बघितलं. मग ती आत जाऊन देवापुढचा नारळ दोन्ही हातांनी पोटाशी धरून घेऊन आली आणि धप्पकन टाकला. माझी सलवार गुडघ्यापर्यंत ओली, नारळ मात्र निवांत डुलतोय.

“मावशी, नारळ रुपयापेक्षा हलका?”

आता काय बोलणार! नारळीपौर्णिमेला समुद्राला वाहिलेले नारळ लाटांबरोबर परत येतात, पोरं ते धरायला कंबरभर पाण्यात शिरतात, हे मी लहानपणापासून बघत आलेय. पण तो नारळ आणि शाळेतला तो नियम यांची माझ्या डोक्यात कधी गाठच पडली नव्हती.

मग सारवासारव. नुसतं वजन नाही गं, ते केवढ्या जागेत आहे तेही बघायचं. वस्तू बुडताना जेवढं पाणी बाजूला सारते, त्या पाण्याहून ती जड असेल तरच तळाला जाते. हे चालू असताना भाची साबणाची वडी बुडवून बघत होती.

म्हटलं, दाखवूच. डब्यातल्या चपात्यांची फॉइल घेतली, तिची होडी केली, तरंगली. “आता हिचाच गोळा करते, बघ कसा बुडतो.” गोळा तरंगला. पुन्हा दाबला, पुन्हा तरंगला. ओट्याशी उभी असलेली ताई काही न बोलता खलबत्त्यातला बत्ता घेऊन आली आणि गोळा चांगला ठेचून काढला. चुरगळलेल्या फॉइलच्या घड्यांत हवा अडकली होती, ती निघून गेली. यावेळी गेला एकदाचा खाली. ॲल्युमिनियम पाण्याच्या पावणेतीनपट जड, हे मला पाठ होतं. बत्त्याचं कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी संत्रं. सालीसकट टाकलं, तरंगलं. सोलून टाकलं, बुडालं. भाची बादलीत नाक घालून बघत राहिली. स्वेटर काढल्यावर माणूस हलका होतो, मग हे कसं? मी सालीच्या आतला पांढरा, स्पंजासारखा थर तिच्या बोटाने दाबून दाखवला. यात हवा असते, म्हटलं. तिने मान डोलावली आणि बुडालेलं संत्रं काढून खाऊन टाकलं.

दोन दिवसांनी आम्ही भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये बसलो. माणसं, गोणी, टोपल्या, दोन मोटरसायकली, चढतच होतं सगळं. भाची मला घट्ट बिलगली. एवढी जड लाँच कशी तरंगते, ते समजावायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिची नजर वर छताखाली टांगलेल्या नारिंगी लाइफ जॅकेटांवर गेली.

“मावशी,” ती माझ्या कानात म्हणाली, “त्यातली एक साल मला काढून दे ना.”