पत्रा न घालणाऱ्यांची वाटचाल

समुद्रकाठच्या जुन्या बंगल्यांची दुरुस्ती हा आमचा धंदा. अलिबाग, वरसोली, थळ, किहीम, आवास, सासवणे एवढाच मुलूख. काळ्या दगडाचं जोतं, चुन्यातल्या विटेच्या भिंती, सागाचे वासे, वर मंगळुरी कौल, पुढे पडवी. मुंबईकरांनी सुट्टीपुरती बांधलेली ही घरं कशी असतात ते इथल्या माणसाला सांगायला नको.

सुरुवात मी आणि मिस्त्री अशी दोघांनी केली. माझ्याकडे स्कूटर आणि वडिलांच्या ओळखी. मिस्त्रींकडे वाकस, पटाशा, शिसवी रंधा आणि जीभ. "आजोबांनी खिडकी बरी करून घेतली होती, तुम्ही तिची वाट लावलीत," असं ते मालकाला तोंडावर म्हणायचे. तरी कामं मिळत गेली. पुढची बरीच वर्षं धंदा नीट चालला. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं आहे ते २०२० चं. मार्चात भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो सुरू झाली. गाडीसकट माणूस तासाभरात इकडे येणार, म्हणून आम्ही साग उचलून ठेवला, चुनकळी म्हणजे भाजलेला, न विझवलेला चुना मागवला. लगेच टाळेबंदी लागली. आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ.

वाऱ्याचं वर्णन करत नाही, ज्यांनी पाहिलं त्यांना ठाऊक आहे. सुरू आणि माड छपरांवर आडवे झाले, आढ्यावरचे कोने, म्हणजे माथ्याची कौलं, उडाले, वीज कितीतरी दिवस नव्हती. पाऊस डोक्यावर आला आणि कौल कुठेच मिळेना. त्यात मंगळुरी कौलाची खोड अशी की एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही. म्हणून आम्ही पाडलेल्या घरांची कौलं पाठीवरचा शिक्का बघून वेगवेगळी रचून ठेवायचो. लोक हसायचे. तोच ढीग त्या जूनमध्ये कामाला आला, पण सगळ्यांना पुरेल एवढा नव्हता.

अशा वेळी मुंबईचा एक कंत्राटदार उतरला. नाव घेत नाही. रंगीत पत्रा, त्याखाली लोखंडी कैच्यांचा सांगाडा, आठवड्यात छप्पर. घाबरलेल्या मालकांना दुसरं काय हवं होतं? पत्र्याचं एक वेळ समजू शकतो. पण त्याने भिंतींचा चुना खरवडून सिमेंटचा गिलावा केला, वर प्लॅस्टिक पेंट मारला, दारात 'हेरिटेज व्हिला' अशी पाटी लावली. फोटो छान आले. आमची तीन चालू कामं त्याच्याकडे गेली. त्यातल्या किहीमच्या मालकांनी आमचं झालेल्या कामाचं बिलही दिलं नाही. "आता सगळं नव्यानेच करतोय," म्हणाले. साग उधारीवर घेतलेला, वखारवाला रोज दारात. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. मिस्त्रींनाही त्या माणसाने दुप्पट रोजावर बोलावलं होतं. ते गेले, त्याचा माल बघितला आणि संध्याकाळी परत आले. काय बोलणं झालं ते आजवर सांगितलेलं नाही.

तगलो ते थळच्या बाईंमुळे. गिरगावात राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. फोनवर म्हणाल्या, "ताडपत्री टाका, पावसाळा जाऊ दे, मी थांबते." आणि सगळे पैसे आगाऊ पाठवले. त्या पावसाळ्यात आम्ही हौदात चुना मुरवत ठेवला, दिवाळीनंतर चुन्याच्या घाणीवर मळला आणि त्यांची पश्चिमेची भिंत पुन्हा उभी केली. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ येऊन गेलं, बाईंचा एक कोनाही हलला नाही.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंट ती आत कोंडतं, मग खारं पाणी विटेत सुकतं, मिठाचे खडे होतात आणि वीट आतून भुगा होते. हाच लोणा. तो लागला म्हणून वर पुन्हा सिमेंट थापणारा गवंडी दारात उभा करू नका. बिजागऱ्या आणि स्क्रू पितळीच घ्या. लाकडाला जवसाचं तेल द्या. कौलं चाळायची, म्हणजे उतरवून पुन्हा नीट बसवायची, तर ती एप्रिलातच चाळा, मे अखेरीस फोन करू नका. आणि भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत गावाकडच्या पट्ट्यात सहसा नवं घर होत नाही. जुनं अधिकृत घर असेल तर त्याच्याच जोत्यावर, तेवढ्याच क्षेत्रफळात काय ते करता येतं. म्हणून मोडकं का असेना, जोतं सांभाळा, कागद सांभाळा.

२०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला आणि जमिनीच्या दरांना धरबंध राहिला नाही. आता जो तो जुनं घर शोधतो. तो कंत्राटदार गोव्याकडे गेला असं ऐकतो.

गेल्या महिन्यात किहीमच्या त्याच मालकांचा फोन आला. लोणा छातीपर्यंत चढलाय, भिंतीवरची तुळई बोटाने टोकरता येते. जाऊन बघून आलो. मिस्त्रींनी पटाशीने गिलाव्याचा एक पापुद्रा काढला, मालकांच्या हातात दिला आणि पहिल्यांदाच काही बोलले नाहीत. अंदाजपत्रक पाठवलंय. पहिल्या ओळीत २०२० ची बाकी लिहिली आहे, व्याज लावलेलं नाही. अजून उत्तर नाही.